झोप यावी म्हणून स्मरण करावे काय?

आमच्या दिंडीत एक वीणेकरी आहेत. वय सत्तरीला टेकलेले. वीणा गळ्यात घातली की रात्रभर उभा राहणारा माणूस. हरिजागराला दोन प्रहर उलटून गेल्यावर भल्याभल्यांच्या माना पेंगू लागतात, पण यांचा पाय ठेक्यावरून कधी हलला नाही. जागरणाची त्यांना हौसच होती म्हणा ना! तेच वीणेकरी गेल्या कार्तिकीनंतर आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "बुवा, आता जागरणाचा कंटाळा आला."

आम्ही चपापलो. मग एकेक गोष्ट कळली. सहा महिने पाठ दुखत होती. चालण्याने दुखत असेल म्हणून तेल चोळून दिवस काढले. पुढे अशक्तपणा इतका वाढला की दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागे. शहरातल्या इस्पितळात रक्त तपासले, हाडातली मज्जा तपासली आणि मल्टिपल मायलोमा हे निदान झाले. हा रक्ताचा कर्करोग. औषधे सुरू झाली, पाठीचे दुखणे पुष्कळ कमीही झाले. पण झोप गेली.

ते म्हणाले, "रात्री दोनला डोळे उघडतात ते उघडेच. नाम घेतो, पण मन पुढच्या तपासणीकडे पळतं. इस्पितळात एका बाईंनी सांगितलं, आजोबा, श्वासाकडे नुसतं बघत राहा, ओढू नका, सोडू नका. आता तुम्ही सांगा, नाम सोडून श्वासाकडे बघायचं का? आणि बघता बघता झोप लागली तर ती कुणाची कृपा म्हणायची?"

आम्ही त्यांना काय सांगितले ते लपवीत नाही. आम्ही म्हणालो, "माउली, स्मरण कुठं तरी कमी पडत असेल. माळा वाढवा." त्यांनी मुकाट्याने मान डोलावली आणि माळा वाढवल्या. पहाटे काकड्याच्या वेळेपर्यंत अंथरुणात बसून मणी ओढीत राहिले. तीन आठवड्यांनी त्यांची सून आम्हांला भेटली आणि म्हणाली, "मामंजी आता मुळीच झोपत नाहीत. म्हणतात, माझं नाम खोटं ठरलं."

ते वाक्य ऐकल्यावर आमचीही झोप उडाली. आजारी माणसाच्या उशाशी बसून आम्ही त्याला औषध दिले नाही, धीर दिला नाही, उलट एक नवे ओझे त्याच्या छातीवर ठेवून आलो. हा लेख त्या चुकीतून निघाला आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा रुग्ण असेल, आणि कित्येकांनी आमच्यासारखाच सल्ला दिला असेल. म्हणून हा प्रश्न नीट उलगडून पाहू.

प्रथम रोग काय आहे ते समजून घेऊ. रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होते. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, बिंबिका रक्त गोठवतात. या कारखान्यात एखाद्या जातीच्या पेशी बेताल वाढू लागल्या की तो रक्ताचा कर्करोग. त्याचे प्रकार पुष्कळ. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा ही तीन मोठी घराणी. यांखेरीज मज्जेत एखाद्या जातीच्या पेशी हळूहळू, वर्षानुवर्षे जास्त बनत राहतात असा एक गट आहे. विल्यम डॅमेशेक या अमेरिकन वैद्याने १९५१ साली हे आजार एकत्र मांडून दाखवले. त्यांतल्या एकात तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते. अशा रुग्णांपैकी कित्येकांना अंघोळ केली की अंगाला असह्य खाज सुटते. कुणाला रात्री असा घाम फुटतो की उठून कपडे बदलावे लागतात.

आता झोप का जाते? त्याला एक कारण नाही, चार आहेत. मायलोमाच्या उपचारात डेक्सामेथासोन नावाची गोळी बहुधा असते. ती रोगावर गुणकारी, पण झोपेची वैरीण. ज्या दिवशी ती घ्यावी त्या रात्री डोळ्याला डोळा लागणे कठीण. म्हणून डॉक्टर ती सहसा सकाळी घ्यायला सांगतात. दुसरे, हाडांचे दुखणे. तिसरे, रक्त कमी झाल्याने येणारा थकवा. थकला म्हणून माणूस दिवसा आडवा पडतो, आणि दिवसा झोपला म्हणून रात्री जागतो. चौथे कारण मनातले. पुढच्या तपासणीचा आकडा काय येईल, मुलाचे कर्ज कसे फिटेल, आषाढीला आपण असू की नसू.

आमच्या वीणेकऱ्यांच्या बाबतीत ही चारही कारणे होती. यांत नामाचा दोष कुठे आला? गोळी सकाळऐवजी संध्याकाळी घेतली जात होती, हे तर नंतर सुनेने चिठ्ठी पुन्हा वाचली तेव्हा उघडकीस आले. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली. आम्ही ज्याला श्रद्धेची उणीव म्हणत होतो, त्यातला एक वाटा गोळीच्या वेळेचा होता! धर्माचा न्याय करायला बसण्याआधी चिठ्ठी वाचायला हवी होती.

आता त्या बाईंनी सांगितलेल्या श्वासाकडे बघण्याविषयी. इंग्रजीत याला माइंडफुलनेस म्हणतात. हा शब्द आला कुठून? बौद्ध ग्रंथांत पाली भाषेत ‘सति’ असा शब्द आहे. १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स या पंडिताने त्या ग्रंथांचे भाषांतर करताना त्याला माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द योजला. पालीतला सति म्हणजे संस्कृतातली स्मृती. म्हणजे इस्पितळातल्या बाई ज्याला परका इंग्रजी शब्द वापरीत होत्या, त्याच्या मुळाशी स्मरणच आहे! अर्थात शब्दाचे कूळ एक म्हणून साधना एक, असे आम्ही म्हणत नाही. नामस्मरणात कुणाची तरी आठवण आहे, तिथे नाते आहे. माइंडफुलनेसमध्ये या क्षणी देहात, मनात जे चालले आहे त्याचे भान ठेवायचे, त्याच्याशी भांडायचे नाही, त्याच्यामागे धावायचेही नाही. आपल्याकडे याला जवळचा शब्द अवधान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी श्रोत्यांपाशी अवधानच मागितले आहे, हे आपण जाणतोच.

इस्पितळात हे आणले जॉन कबात-झिन यांनी. १९७९ साली अमेरिकेत वूस्टर गावी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत त्यांनी एक वर्ग सुरू केला. जुनाट दुखणी असलेले आणि औषधांनी पुरता उतार न पडलेले रुग्ण तिथे येत. श्वासाकडे लक्ष देणे, पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव मनाने पाहत जाणे, हलकी आसने करणे, असा तो क्रम. मूळ बौद्ध साधनेत, पण रुग्णाला धर्म विचारला जात नसे. आपल्या महाराष्ट्रातही सत्यनारायण गोयंका यांनी इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालवली. मात्र ती दहा दिवसांची कडक साधना. उपचार चालू असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

याचा झोपेला खरोखर उपयोग होतो काय? लॉस एंजेलिसला वृद्ध माणसांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. झोपेची तक्रार असलेल्या ४९ जणांपैकी निम्म्यांना सहा आठवडे अवधान शिकवले, निम्म्यांना झोपेच्या चांगल्या सवयी शिकवल्या. अवधान शिकलेल्यांची झोप अधिक सुधारली. कॅनडात कॅलगरी येथे निरनिराळ्या कर्करोगांच्या १११ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ साली छापून आली. तिच्यात अवधानाची तुलना निद्रानाशावरच्या खास उपचाराशी केली होती. त्या उपचारात झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीच्या कल्पना दुरुस्त करतात. वर्ग संपताच पाहिले तेव्हा खास उपचारच सरस ठरला. काही महिन्यांनी पाहिले तेव्हा अवधानवाल्यांनी अंतर भरून काढले होते. रक्ताच्या ज्या सावकाश वाढणाऱ्या आजारांचा आम्ही वर उल्लेख केला, त्यांच्या रुग्णांना अमेरिकेत ॲरिझोना येथील संशोधकांनी टेलिफोनच्या उपकरणावरून रोज सुमारे दहा मिनिटे ध्यान ऐकवून पाहिले. तो लहान, पहिल्या पायरीचा प्रयोग होता. तरी काहींच्या झोपेत आणि त्रासात फरक दिसला. २०२३ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने कर्करुग्णांच्या चिंता आणि खिन्नता यांसाठी अवधानाच्या वर्गांची शिफारसही केली.

पण याचा अर्थ रोग जातो असा नव्हे. श्वासाकडे पाहिल्याने मज्जेतल्या बेताल पेशी कमी होत नाहीत. ते काम औषधांचे. श्वासाने किंवा जपाने कर्करोग बरा करतो असे जो कुणी सांगेल, मग तो भगवी कफनी घातलेला असो की पांढरा डगला, त्याला घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झोप यावी म्हणून स्मरण करावे काय? आमचे काही जाणते मित्र म्हणतात की हा सौदा झाला. नाम हे साध्य आहे, त्याला झोपेची गोळी करणे म्हणजे सोन्याच्या नांगराने उकिरडा नांगरणे. या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. नामाला झोपेच्या मापाने मोजू लागलो, की ज्या रात्री झोप येणार नाही त्या रात्री नाम खोटे ठरणार. आमच्या वीणेकऱ्यांचे हेच झाले. त्यांनी मागितली झोप, ती मिळाली नाही, आणि दोष गेला साठ वर्षे घेतलेल्या नामाच्या माथी. ते माप त्यांच्या हातात दिले कुणी? आम्हीच. "माळा वाढवा म्हणजे झोप येईल" हे आमचेच गणित होते.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रात्री दोन वाजता हाडे ठणकत असताना माणसाने देवाजवळ झोप मागितली, तर त्याला व्यापारी म्हणायचे? तान्हे मूल रडून दूध मागते, तेव्हा आई त्याला निष्काम हो म्हणून सांगते काय? तिला ते रडणे मागणे वाटत नाही, ओळख वाटते. दुःखात मागणाऱ्यालाही गीतेने भक्तांच्या पंगतीत बसवले आहे. आर्त हा भक्तांचा पहिला प्रकार सांगितला आहे, हे विसरून कसे चालेल? मग आम्ही निरोगी माणसांनी पोटभर जेवून, आठ तास झोपून, त्याला निष्कामतेचा उपदेश करावा हे शोभते का?

तेव्हा आमच्या मते उत्तर असे. झोप मागावी, उघडपणे मागावी, लाजू नये. पण नामाचा खरेखोटेपणा तिच्यावर ठरवू नये. आणि गंमत अशी, की झोपेच्या बाबतीत अनुभवही हेच सांगतो. झोपेला ओढून आणू गेले की ती दूर पळते. घड्याळाकडे बघून "आता तीन वाजले, आता तरी लागायला हवी" असे म्हटले की उरलीसुरलीही जाते. माणूस नुसता पडून राहिला, आली तर आली, नाही तर श्वास आहेच सोबतीला, असे म्हणाला, की अंग सैल पडते आणि कित्येकदा डोळा लागतो. म्हणजे फळाची आस धरली की फळ हातचे जाते, हे इथे अंथरुणावरच कळते.

बौद्ध ग्रंथांत दोन बाणांचा एक दृष्टांत आहे. देहाचे दुखणे हा पहिला बाण. त्यावर मन जो आकांत करते, तो दुसरा. पहिला बाण काढणे वैद्याच्या हाती. अवधानाचे काम दुसऱ्यापुरते. आमच्या वीणेकऱ्यांना तर तिसराही बाण लागला होता, आणि तो आप्तांनी मारलेला होता. "तुमची श्रद्धाच कमी", "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल", "आमच्या अमक्याला तर नुसत्या नामाने बरं वाटलं" हे सगळे तिसरे बाण. कर्माचा सिद्धांत आपण मानतो. पण तो स्वतःला जबाबदार धरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या अंथरुणापाशी उभे राहून त्याला आरोपी करण्यासाठी नव्हे. ज्याला हा भेद कळला नाही त्याने रुग्णाला भेटायला जाऊ नये, हे बरे.

अवधानाच्या नावाने नवी शिक्षाही तयार होऊ शकते, हेही सांगतो. "तुम्ही नीट ध्यान करीत नाही म्हणून झोप येत नाही" असे कुणी म्हणाले, तर तो आमच्याच चुकीचा नवा अवतार. मन पळणारच. पळाले हे कळणे आणि त्याला न रागावता परत आणणे, एवढाच अभ्यास. गीतेच्या सहाव्या अध्यायातही मनाविषयी हीच वागणूक आहे, आणि त्याच अध्यायात योग्यालाही झोप आणि जाग यांचा तोल सांगितला आहे. झोप ही साधनेची शत्रू नाही.

आता आमच्या वीणेकऱ्यांनी पुढे काय केले ते सांगतो, कारण वाचकांना त्याचा उपयोग होईल. आम्ही त्यांच्याकडे गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "माउली, त्या दिवशी चुकीचं बोललो. माळ खाली ठेवा. मोजू नका." ते काहीच बोलले नाहीत. सुनेने चहा आणला. मग म्हणाले, "मग काय करू?" आम्ही म्हणालो, "बाई सांगतात तसं करून पाहा. देव काही रागवायचा नाही."

ते आता रात्री अंथरुणावर पडले की आधी पायाची बोटे मनाने पाहतात. मग घोटा, पोटरी, गुडघा असे वर येत जातात. जिथे ठणका असेल तिथे थांबून एवढेच म्हणतात, इथे दुखतंय. मग श्वास. श्वास आपोआप येतो जातो, त्याला हात लावायचा नाही. काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात आले की श्वासाबरोबर नाम आपोआप चालू झाले आहे, न मोजता. त्यांनी विचारले, "हे चालेल का?" आम्ही म्हणालो, "आम्ही कोण नको म्हणणारे?" बराच वेळ झोप आलीच नाही तर ते उठून ओसरीवरच्या खुर्चीत बसतात, डोळे जड झाले की परत येतात. दिवसा डुलकी घेतली तर थोडीच. सकाळी उठायची वेळ एकच. डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढे संध्याकाळी चालतात.

काही सावधगिरीच्या गोष्टी घरच्यांनी ध्यानात ठेवाव्यात. उपचार चालू असलेल्या रक्तरुग्णाला ताप आला तर ध्यान करीत बसायचे नाही, रात्र असो की पहाट, लगेच इस्पितळ गाठायचे. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप जिवावर बेततो. हाडात नवे दुखणे उठले, पायात बळ वाटेनासे झाले, कुठून रक्त येऊ लागले, तर तेही त्वरित कळवायचे. दुखणे सोसणे ही तपश्चर्या नव्हे, वेदनेची औषधे घेण्यात कमीपणा नाही. झोप जात असेल तर ते डॉक्टरांना सांगायचे, "एवढी मोठी माणसं, त्यांना झोपेचं काय सांगायचं" असे म्हणून गप्प राहायचे नाही. झाडपाल्याची औषधे विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. कुणाला डोळे मिटून बसले की भीती दाटून येते, जुन्या आठवणी अंगावर येतात. त्याने डोळे उघडावे, थांबावे, कुणाशी तरी बोलावे. सर्वांना एकच वाट मानवते असे नाही. आणि एकादशीचा कडक उपवास किंवा गर्दीतली वारी डॉक्टरांनी मना केली, तर ती न केल्याचा दोष लागत नाही.

ही शेवटची गोष्ट आमच्या वीणेकऱ्यांना फार जड गेली. यंदाच्या आषाढीला ते आले नाहीत. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. पालखी हलली त्या रात्री आम्ही मुक्कामावरून त्यांच्या घरी फोन लावला. सूनच बोलली. "मामंजी जागेच होते," ती म्हणाली, "पण आज रडले नाहीत. म्हणाले, दिंडी कुठवर आली असेल ते बघतोय. मग बघता बघता झोपले."

त्यांची झोप पूर्ववत झाली असे आम्ही लिहिले तर ते खोटे होईल. गोळीच्या रात्री अजूनही जड जातात. काही रात्री चार तास, काही रात्री दोन. रोग आहे, औषधे चालू आहेत, पुढचे कुणाला ठाऊक? पण "माझं नाम खोटं ठरलं" हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आले नाही. आम्ही भेटायला गेलो की आता उपदेश करीत नाही. उशाशी बसतो. त्यांना बोलायचे असेल तर ऐकतो, नसेल तर दोघेही गप्प बसतो. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा जागणारा माणूस असेल, तर आज रात्री त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे, आणि काल त्याची झोप कशी झाली एवढेच विचारावे, ही आमची विनंती.

राम कृष्ण हरि.